जगज्जेता कोणाला म्हणायचं? दिव्याच्या बाटुमीतल्या विजयानिमित्त

पटावरचा_पंच

२८ जुलै २०२५ ला दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि तेव्हापासून नागपुरात दुसरा विषय नाही. विमानतळावर ढोलताशे झाले, चौकाचौकात फलक लागले, राज्य सरकारने तीन कोटी दिले. आपल्या गावची एकोणीस वर्षांची पोरगी आहे, अभिमान वाटणारच.

मी इथल्या शालेय स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पोरं घोळक्याने येतात आणि विचारतात, सर, दिव्याताई जगज्जेती झाली नं? मग ती चीनची जू वेन्जुन कोण? गुकेश जगज्जेता आहे तर पहिल्या नंबरवर कार्लसन कसा? मागे उभे असलेले पालकही उत्तरासाठी कान टवकारून असतात. म्हणून हा धागा काढतोय.

आधी माझं मत. बुद्धिबळातलं जगज्जेतेपद म्हणजे एक खुर्ची आहे. तिच्यावर कोणीतरी आधीच बसलेलं असतं. तुम्हाला ती हवी असेल तर त्या बसलेल्या माणसासमोर पट मांडायचा, डावामागून डाव खेळायचे आणि त्याला उठवायचं. १८८६ मध्ये स्टाइनिट्झ आणि झुकरटोर्ट यांची पहिली अधिकृत लढत अमेरिकेत झाली. न्यूयॉर्कला सुरू होऊन सेंट लुइसमार्गे न्यू ऑर्लिन्सला संपली. पाच डाव झाले तेव्हा झुकरटोर्ट ४-१ असा पुढे होता. शेवटी स्टाइनिट्झने दहा डाव जिंकले, पाच गमावले, पाच बरोबरीत सुटले. पाच डावांचीच लढत असती तर पहिला जगज्जेता म्हणून आपण दुसरंच नाव पाठ केलं असतं. लांब लढतीत तुमची एकही कच्ची बाजू झाकून राहत नाही. समोर रोज तोच माणूस, त्याने तुमच्या ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, महिनोन्महिने खणून ठेवलेल्या, आणि काल हरलेला डाव डोक्यात घेऊन आज पुन्हा त्याच्याशीच हात मिळवायचा.

स्टाइनिट्झला १८९४ मध्ये लास्करने उठवलं. लास्कर २७ वर्षं बसला. १९२१ मध्ये कापाब्लांका, १९२७ मध्ये अलेखिन, आणि असं करत करत १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनकडून ती गुकेशकडे आली. महिलांचं जगज्जेतेपद १९२७ पासून वेगळं आहे. पहिली व्हेरा मेनचिक. सध्या २०१८ पासून जू वेन्जुन. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिने टॅन झोंगयीला ६.५-२.५ हरवून पाचव्यांदा ते जिंकलं.

दिव्याने जिंकला तो विश्वचषक, म्हणजे शंभराहून जास्त खेळाडूंची बाद फेरीची स्पर्धा. त्यातून तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला, ५० हजार डॉलर मिळाले, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे २०२६ च्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेतीला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळाली. म्हणजे जू वेन्जुनपर्यंत जायचा रस्ता उघडला. पोरांना मी हेच सांगतो, आणि मला वाटतं यात दिव्याचा मान तसूभरही कमी होत नाही. तुमचं काय मत?

अडीच_घर

पंचकाका, माहिती सगळी बरोबर, पण तुम्ही बाद फेरीला दुय्यम ठरवताय असं वाटलं, आणि ते मला मान्य नाही.

दिव्याला बाटुमीत पंधरावं मानांकन होतं. तिने दुसरं मानांकन असलेल्या झू जिनरला काढलं, मग हरिकाला, मग टॅन झोंगयीला आणि शेवटी हंपीला. टॅन म्हणजे तीच, जी एप्रिलमध्ये जगज्जेतेपदासाठी लढली होती. तिला दिव्याने उपांत्य फेरीत १.५-०.५ हरवलं. बाद फेरीत एक वाईट दिवस आला की दुसऱ्या दिवशी बॅग भरायची. लांब लढतीत तिसरा डाव हरलात तर अकरावा जिंकून भरपाई करता येते, इथे ती सोय नाही. हंपीबरोबरचे दोन्ही क्लासिकल (कित्येक तास चालणारे) डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही (कमी वेळाचा झटपट डाव) बरोबरीत, दुसऱ्या रॅपिडमध्ये काळी मोहरी घेऊन जिंकली. समोर कोण, तर २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली बाई, जिचे डाव बघत दिव्याची पिढी वाढली.

दुसरं, महिलांचं जगज्जेतेपद बरीच वर्षं बाद फेरीनेच ठरायचं. २००८ मध्ये कोस्टेनियुक तशीच झाली. २०१० मध्ये हौ यिफान तशीच झाली, अंतिम फेरीत रॅपिडवर. दिव्याने नेमकं तेच त्या काळात केलं असतं तर आज तुम्ही तिला जगज्जेतीच म्हणाला असतात. नियम बदलले म्हणून कामगिरी लहान होते का?

पटावरचा_पंच

दुय्यम नाही म्हणत मी. दोन वेगळ्या परीक्षा आहेत. बाद फेरीत प्रत्येक वेळी नवा माणूस समोर येतो आणि तुम्हाला दडपणाखाली लगेच निकाल काढावा लागतो. लढतीत एकाच माणसाला आरपार ओळखावं लागतं. तुझाच दाखला घेतो. दिव्याने टॅनला दोन डावांत हरवलं हे खरं, आणि जूने त्याच टॅनला नऊ डावांत ६.५ गुण घेऊन निष्प्रभ केलं हेही खरं. पहिला डाव बरोबरीत गेल्यावर दिव्याने दुसरा जिंकला. त्याचं मोल आहेच. पण बारा डावांच्या लढतीत टॅन चौथ्या, सातव्या, नवव्या डावाला काय घेऊन आली असती आणि दिव्याने त्याला काय उत्तर दिलं असतं, ते आपल्याला अजून बघायचंय.

धरमपेठकर

हा वाद आमच्या पिढीने आनंदच्या निमित्ताने पुष्कळ घातलाय, म्हणून लिहितो.

२००० च्या डिसेंबरमध्ये तेहरानला आनंदने शिरोव्हला ३.५-०.५ हरवलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. भारताचा पहिला जगज्जेता. पण तेव्हा दोन जगज्जेते होते. १९९३ मध्ये कास्पारोव आणि शॉर्ट फिडेतून, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघातून, बाहेर पडले, त्यांनी वेगळी लढत घेतली आणि फिडेने कार्पोव्ह आणि टिमन यांना खेळवलं. तेव्हापासून जी फूट पडली ती तेरा वर्षं टिकली. आनंद तेहरानला जिंकला त्याच्या आदल्याच महिन्यात लंडनमध्ये क्रामनिकने कास्पारोवला हरवून स्टाइनिट्झपासूनची जुनी साखळी आपल्या हातात घेतली होती. त्यामुळे परदेशात लोक म्हणायचे, आनंद बाद फेरीचा राजा. आम्हाला ते लागायचं.

बरं, त्याच्याआधी आनंदने काय सोसलं होतं तेही बघा. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोवकडून हरला. पुढे ग्रोनिंगेनची सगळी बाद फेरी जिंकून आला आणि लगेच, दम खायलाही न मिळता, लॉसानला कार्पोव्हसमोर बसला. कार्पोव्ह आराम करून थेट अंतिम लढतीला आलेला. क्लासिकल ३-३ झालं, रॅपिडमध्ये आनंद गेला.

मग २००७ ला मेक्सिको सिटीत आठ जणांची स्पर्धा जिंकून जगज्जेता झाला. तोवर फूट मिटली होती, २००६ मध्ये एलिस्ताला क्रामनिक आणि टोपालोव खेळले होते. तरी कुरबुर होतीच की स्पर्धा जिंकली, क्रामनिकला समोरासमोर कुठे हरवलं? २००८ मध्ये बॉनला ६.५-४.५ हरवलं. क्रामनिक वजिराचं प्यादं पुढे सरकवून सुरू होणाऱ्या ओपनिंगमधला उस्ताद, आणि आनंदनेही त्या लढतीत स्वतःची सवय सोडून वजिराचं प्यादं पहिल्या चालीला पुढे टाकलं. त्यानंतर कोणी तोंड उघडलं नाही.

बाद फेरी, स्पर्धा आणि लढत, तिन्ही मार्गांनी जगज्जेता झालेला आनंद हा एकटाच. म्हणून मला विचाराल तर त्याच्यासारखं जगज्जेतेपद कोणाचंच नाही.

आणि २०१० ची सोफियाची लढत! आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, विमानं बंद. फ्रँकफर्टहून गाडीने जवळपास ४० तास प्रवास करून टोपालोवच्या देशात, बल्गेरियात पोचला. तीन दिवस मागितले, एक दिवस मिळाला. पहिला डाव हरला. शेवटच्या बाराव्या डावात काळी मोहरी घेऊन जिंकला आणि पद राखलं. जगज्जेता कसा असतो हे मला त्या बाराव्या डावाने शिकवलं.

वऱ्हाडी_उंट

राजेहो, सगळं वाचून रायलो. पन मूळ प्रश्न तसाच आहे. कार्लसन २०२२ ले म्हणाला का मी लढत खेळत नाही. रेटिंगमध्ये तो आजही पहिला. मंग गुकेशने ज्याले हरवलं तो डिंग, आन डिंगने ज्याले हरवलं तो नेपोम्नियाची. कार्लसनले तर कोनी हरवलंच नाही. कास्पारोवसारखा माणूस म्हणते का कार्लसनसोबत ती परंपरा संपली. मंग आपन गुकेशले जगज्जेता म्हनतो ते कोन्या हिशेबाने? मले गुकेश आवडते, म्हनूनच विचारून रायलो. पोट्ट्याले अर्धवट मान मिळू नये.

मृण्मयी_अंबाझरी

उंटभाऊ, प्रश्न चांगला विचारलात. मला याचं उत्तर महिलांच्या बुद्धिबळात सापडतं, तिकडे कोणी फारसं बघत नाही म्हणून सांगते.

महिलांच्या रेटिंगमध्ये आज पहिली आहे हौ यिफान. जगज्जेती आहे जू वेन्जुन. हौने २०१६ मध्ये मारिया मुझीचुकला हरवून पद मिळवलं आणि नंतर त्या चक्रातूनच बाहेर पडली, अभ्यास आणि शिकवण्याकडे वळली. जूने तिला लढतीत हरवलेलं नाही. पण २०१८ पासून जू ते पद दर खेपेला पणाला लावते. गोर्याचकिना आली, लेई टिंगजी आली, टॅन आली. लेईबरोबरची लढत तर शेवटच्या बाराव्या डावापर्यंत ताणली होती. जो आपलं पद पटावर ठेवतो तो जगज्जेता. जो ठेवत नाही तो कितीही बलवान असला तरी त्याने ते स्वतःहून सोडलेलं असतं, आणि सोडलेल्या गोष्टीवर हक्क राहत नाही.

फिशरचं हेच झालं. १९७२ मध्ये रेक्याविकला स्पास्कीला हरवून अख्ख्या जगाला बुद्धिबळाचं वेड लावलं. १९७५ मध्ये त्याने अटी घातल्या : दहा विजय होईपर्यंत खेळायचं, आणि ९-९ झालं तर पद माझ्याकडे. फिडेने दहा विजय मानले, ९-९ मानलं नाही. तो खेळलाच नाही आणि कार्पोव्ह एकही डाव न खेळता जगज्जेता झाला. तेव्हाही लोक कार्पोव्हला अर्धा जगज्जेता म्हणायचे. त्याने काय केलं, तर मोठमोठ्या स्पर्धांमध्ये उतरून एकामागून एक जिंकत सुटला, आणि कोर्च्नोयविरुद्ध दोनदा पद राखलं. पद आधी मिळालं, ते कमावलं नंतर.

गुकेशला तेच करावं लागणार आहे आणि तो ते जाणतो. जिंकल्यावर त्याने स्वतःच सांगितलं की जगज्जेता झालो म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झालो असं नाही, मॅग्नस आहेच. अठरा वर्षांच्या मुलाची ही समज मला फार मोठी वाटते. आणि जून २०२५ मध्ये नॉर्वेला त्याने कार्लसनला क्लासिकल डावात हरवलं, आयुष्यात पहिल्यांदा. कार्लसनने टेबलावर मूठ आपटली ते सगळ्यांनी पाहिलं. स्पर्धा अखेर कार्लसननेच जिंकली, तेही खरं.

महालातला_वजीर

चर्चा उत्तम चालली आहे. फक्त पंचकाकांनी खुर्चीचा इतिहास जरा जास्तच सोवळा करून मांडला, तो पुरा व्हावा म्हणून काही गोष्टी जोडतो.

१९४८ च्या आधी ही खुर्ची बसणाऱ्याची खासगी मालमत्ता होती. कोणाशी खेळायचं, कधी खेळायचं, किती पैसे आणायचे, सगळं जगज्जेता ठरवायचा. कापाब्लांकाने दहा हजार डॉलर उभे करण्याची अट घातली होती. १९२७ मध्ये ब्यूनस आयर्सला अलेखिनने ते पैसे उभे करून ३४ डावांत त्याला हरवलं. सहा विजय, तीन पराभव आणि २५ बरोबरी. मग अलेखिनने तीच अट कापाब्लांकावर उलटवली आणि त्याला परत कधी संधीच दिली नाही. दोनदा खेळला तो बोगोल्युबोवशी. बुद्धिबळाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट कोणती असेल तर ही. कापाब्लांका वाट बघत राहिला आणि ती लढत झालीच नाही. याउलट युवे. पेशाने गणिताचा शिक्षक. १९३५ मध्ये त्याने अलेखिनला हरवलं आणि १९३७ मध्ये कबूल केल्याप्रमाणे पुन्हा लढत दिली, हरला, पद परत केलं. यादीत युवेचं नाव दोन वर्षांपुरतं आहे, पण जगज्जेता म्हणून माझ्या मनात त्याची जागा अलेखिनच्या वर आहे.

१९४६ मध्ये अलेखिन पोर्तुगालमध्ये पद हातात असतानाच वारला. उठवायला माणूसच उरला नाही. म्हणून फिडेने १९४८ मध्ये हेग आणि मॉस्कोला पाच जणांची स्पर्धा घेतली आणि बोट्विनिक जिंकला. म्हणजे आज ज्या साखळीचं आपण कौतुक करतो तिचा एक दुवा स्पर्धेनेच जोडलेला आहे, लढतीने नाही.

पुढे बोट्विनिकने १९५१ मध्ये ब्रॉन्स्टाइनबरोबर १२-१२ आणि १९५४ मध्ये स्मिस्लॉवबरोबर १२-१२ करून पद राखलं, कारण बरोबरी झाली तर पद जुन्याकडे असा नियम होता. ब्रॉन्स्टाइन शेवटचे दोन डाव उरले असताना एका गुणाने पुढे होता. त्याला हरवलं कोणी? आणि १९८४ ची कार्पोव्ह आणि कास्पारोव यांची लढत आठवा. सहा विजय हवे होते. पाच महिने चालली, ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत. कार्पोव्ह ५-३ पुढे असताना फेब्रुवारी १९८५ मध्ये फिडेच्या अध्यक्षांनी ती थांबवली. निकाल नाही. त्याच वर्षी नवी लढत झाली आणि कास्पारोव बावीस वर्षांचा जगज्जेता झाला.

आता बरोबरी झाली की रॅपिड. २००६, २०१२, २०१६, २०१८, २०२३, पाच वेळा जगज्जेता रॅपिडवर ठरला. २०१८ ला कार्लसन आणि कारुआना यांचे बाराच्या बारा क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. क्लासिकलचं पद रॅपिडवर ठरवायचं हे मला पटत नाही. त्यापेक्षा क्लासिकलचे आणखी डाव खेळवा, खर्च वाढला तरी चालेल.

अडीच_घर

वजीरकाका, म्हणजे तुमच्याच हिशेबाने दिव्याचा रॅपिडमधला विजय आणि डिंगचा २०२३ चा विजय एका पंगतीत बसतात.

महालातला_वजीर

त्या एका बाबतीत, हो. आणि डिंगचा तो शेवटचा रॅपिड डाव जरूर बघ. घड्याळात मिनिटं उरलेली नाहीत, काळी मोहरी, आणि बरोबरी घ्यायची सोडून त्याने आपलाच हत्ती पिनमध्ये, म्हणजे जिथून तो हलू शकणार नाही अशा जागी, नेऊन ठेवला, कारण त्याला जिंकायचं होतं. ती चाल खेळायला जी छाती लागते ती क्लासिकल की रॅपिड हे विचारत नाही.

रात्रीचा_डाव

डिंगचा विषय निघाला म्हणून लिहितोय. जगज्जेता असणं म्हणजे काय हे जिंकणाऱ्यांच्या गोष्टींतून अर्धंच कळतं.

डिंगला २०२२ च्या कँडिडेट्समध्ये जागा मिळाली ती कार्याकिनवर बंदी आली म्हणून. तिथे तो दुसरा आला. कार्लसन हटला म्हणून दुसऱ्याला लढत मिळाली. अस्तानाला जिंकला आणि हातांत तोंड लपवून रडला. नंतरचे महिने त्याच्यासाठी फार वाईट गेले. नैराश्याबद्दल तो स्वतः उघडपणे बोलला, खेळणं कमी झालं, रेटिंग घसरलं. सिंगापूरच्या आधी तर बहुतेक जण म्हणत होते की गुकेश त्याला काही डाव राखूनच संपवेल.

आणि झालं काय? डिंगने काळ्या मोहऱ्यांनी पहिलाच डाव जिंकला. गुकेशने तिसरा जिंकून बरोबरी केली. अकरावा गुकेश, बारावा डिंग. तेरा डावांनंतर ६.५-६.५. चौदाव्यात डिंगकडे एक प्यादं कमी होतं तरी स्थिती बरोबरीची होती, सगळे रॅपिडची तयारी करत होते. मग पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ२ या घरात नेला. हत्ती मारले गेले, मग उंटांची मारामारी टाळता येईना, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा डाव गुकेशचा. गुकेशच्या चेहऱ्यावर ते कळल्याचा क्षण कॅमेऱ्याने टिपलाय.

आम्ही गुकेशसाठी नाचलो. पण खुर्ची सोडायची वेळ येईपर्यंत डिंग तिच्यासाठी चौदा डाव असा लढला, तेही आतून खचलेला असताना, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जगज्जेता म्हणून त्याच्याकडे दीड वर्ष सगळ्या जगाची नजर होती आणि प्रत्येक हरलेल्या डावाचा हिशोब मागितला जात होता. गुकेशने लढतीआधी पॅडी अप्टनची मदत घेतली, २०११ च्या क्रिकेट विश्वचषकात भारतीय संघाबरोबर होता तोच. पूर्वी बुद्धिबळात मनाच्या तयारीकडे चैन म्हणून बघायचे. आता ती ओपनिंगइतकीच गरजेची झालीये.

शर्वरीची_आई

मी बुद्धिबळातली जाणकार नाही, मुलगी खेळते म्हणून वाचत होते. एक विचारू का? महिलांचं जगज्जेतेपद वेगळं असावंच का? माझी मुलगी शाळेच्या स्पर्धेत मुलांशी खेळते, हरवते, मग बक्षीस मिळतं ते 'उत्कृष्ट मुलगी'. तिला ते आवडत नाही.

मृण्मयी_अंबाझरी

ताई, तिचं न आवडणं मला समजतं. ज्युडिट पोल्गारने महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळायचंच नाही असं ठरवलं. जागतिक क्रमवारीत ती आठव्या क्रमांकापर्यंत गेली आणि २००५ मध्ये सान लुईसला जगज्जेतेपदाच्या आठ जणांच्या स्पर्धेत बसली. शेवटची आली, पण तिथवर पोचलेली ती एकमेव स्त्री आहे.

तरी वेगळी खुर्ची हवी असं माझं मत आहे. ती आहे म्हणून पैसा येतो, प्रशिक्षक मिळतात, घरचे पाठवतात. जॉर्जियात नोना गाप्रिंदाश्विली १९६२ पासून सोळा वर्षं जगज्जेती होती, तिच्यानंतर माया चिबुरदानिद्झे. त्या देशात मुलींनी बुद्धिबळ खेळणं हे मग घराघरातलं झालं. दिव्या तिथेच जाऊन जिंकली याचा मला वेगळाच आनंद आहे.

आणि मुलींना अजून काय ऐकावं लागतं हेही दिव्यानेच बोलून दाखवलंय. २०२४ च्या जानेवारीत वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर तिने लिहिलं होतं की लोक तिचा खेळ सोडून कपडे, केस, बोलणं यावरच बोलत होते. अठरा वर्षांच्या मुलीने ते जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी ती जागतिक ज्युनिअर मुलींची विजेती झाली, बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघाचं आणि वैयक्तिक अशी दोन सुवर्णं आणली. शर्वरीला हे जरूर सांगा.

काळी_मोहरी

मी नागपुरातच शिकवतो. या धाग्यात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे जगज्जेता गावाला काय देतो.

२०१३ ला चेन्नईत आनंद आणि कार्लसन यांची लढत झाली. आनंद ६.५-३.५ हरला, स्वतःच्या गावात. पण त्या काचेच्या खोलीबाहेर प्रेक्षकांत सात वर्षांचा गुकेश बसला होता. आनंद हरलेल्या लढतीतून चेन्नईला पुढचा जगज्जेता मिळाला.

नागपूरकडे आधी काही नव्हतं असं नाही. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये. आता दिव्या, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर आणि हंपी, हरिका, वैशालीनंतरची चौथी स्त्री. तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धांमध्ये करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता, विश्वचषक जिंकल्यामुळे किताब थेट मिळाला. परत आल्यावर तिने आईवडिलांबरोबर पहिलं नाव घेतलं ते राहुल जोशी सरांचं. तिचे पहिले प्रशिक्षक. २०२० मध्ये ते गेले. ती ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती आणि तिने हा किताब त्यांना अर्पण केला. इथल्या शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या डोळ्यांत पाणी आलं त्या वेळी.

विजयानंतर क्लासला नव्या मुलांची रीघ लागली आहे, त्यात मुली जास्त. पालक विचारतात, किती वर्षांत ग्रँडमास्टर होईल? मी त्यांना सांगतो, आधी तिला स्वतः लिहिलेला डाव घरी परत मांडून बघायची सवय लागू द्या. बक्षिसाचे आकडे पेपरात येतात, पण बाहेरगावच्या स्पर्धा, प्रवेश फी, रेल्वेची तिकिटं, सोबत जाणाऱ्या पालकाची रजा, हे सगळं घराघरातून निघतं. तीन कोटींचा सत्कार झाला ते योग्यच झालं. त्याबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना खेळायला गावात एक कायमचा, थंड हॉल मिळाला तर पुढची दिव्या लवकर दिसेल. मे महिन्यात पत्र्याखाली सहा फेऱ्या खेळणारी पोरं मी दरवर्षी बघतो.

वऱ्हाडी_उंट

मृण्मयीताई, तुमचं पटलं. जो पणाले लावते तो जगज्जेता. गुकेशचा हिशेब क्लिअर झाला. आता दिव्याचं सांगा कोनीतरी, जू वेन्जुनपर्यंत पोचाले नेमकं का का कराव लागते?

पटावरचा_पंच

कँडिडेट्समध्ये आठ जणी असतात. प्रत्येकीशी दोनदा, एकदा पांढरी एकदा काळी मोहरी, म्हणजे चौदा फेऱ्या. फक्त पहिलीला लढत मिळते. दुसरी आलात तर पुन्हा पात्रतेपासून सुरुवात. बाटुमीपेक्षा हे वेगळं, कारण इथे एक हार पचवता येते, पण तीन आठवडे पातळी टिकवावी लागते. त्यानंतर जूबरोबर बारा डाव. जू फार कमी चुकते. बरोबरीच्या स्थितीत तासन्‌तास दाबत राहणं ही तिची खासियत, आणि दिव्याला आवडतं ते आक्रमण. हंपी २०११ मध्ये तिरानाला हौ यिफानविरुद्ध याच टप्प्यापर्यंत गेली होती आणि ५.५-२.५ हरली. भारताच्या कोणत्याही मुलीला अजून हे पद मिळालेलं नाही.

अडीच_घर, तुझं एक मान्य करतो. बाटुमीत इतक्या टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडायच्या झटपट डावांत) डोकं थंड ठेवणारी पोरगी लांब लढतीत टिकणार नाही असं मानायला काहीच आधार नाही.

काळी_मोहरी

कँडिडेट्सच्या वेळी रोजचे डाव मोठ्या पडद्यावर दाखवू या का? मुलांना समोर बसवून, प्रत्येक चालीआधी त्यांना विचारायचं, तू काय खेळशील? मी समालोचन करतो.

शर्वरीची_आई

आमच्या सोसायटीचं सभागृह मिळू शकेल, त्रिमूर्तीनगरला. अध्यक्षांशी बोलून कळवते.

वऱ्हाडी_उंट

माह्याकडे प्रोजेक्टर आहे. पडदा कोनी आनते तेवढं सांगा.